लग्नाला गेलेलं जातं

लिंबाजीतात्या भिंतीवर थाप मारून घराची तब्येत सांगायचे. थाप अशी, की म्हशीच्या पाठीवर मारावी. मग भिंतीला कान लावून, डोळे मिटून ऐकत राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हेच करत होते. बदली होऊन चित्रकलेचा मास्तर म्हणून मी गावच्या शाळेत नुकताच आलो होतो आणि एका रविवारी गावातल्या एका जुन्या दगडी घराचं चित्र काढायला गेलो होतो. भिंतीला चिकटलेला, लाल पागोट्यातला हा म्हातारा पाहून मी विचारलं, "काय हो, काही हरवलंय का?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, सर. खोकून राह्यली."

"कोण?"

"भिंत."

भिंतीच्या खोकल्यात मला गती नव्हती, म्हणून मी चित्राची वही उघडली. पुढच्याच आठवड्यात तात्यांनी तिला औषध दिलं. मेंढरांना जंत झाल्यावर पाजतात ते औषध त्यांनी फवारणीच्या पंपात भरलं आणि वाळवीच्या भोकाभोकांत मारलं. वाळवी होती तिथेच राहिली. घरात मुक्कामाला असलेली मांजरं मात्र गाव सोडून गेली, आणि कितीतरी दिवस त्या रस्त्यानं जाणारा माणूस नाकाला उपरणं लावून जात होता. "बघा, पडला ना फरक?" तात्या म्हणाले. फरक पडला होता हे मला नाकारता आलं नाही.

आमचं गाव परतूरहून वाटूरकडे जाताना लागतं. गावात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला काळ्या दगडाचं ते बुटकं घर. निजामाच्या राज्यात तिथे गिरदावर राहायचा, म्हणजे पिकं आणि जनावरं पाहून सारा ठरवणारा अंमलदार. राज्य गेलं, गिरदावर गेला, पण घर गिरदावराचंच राहिलं. रस्त्याच्या अंगाला त्याला एक लहानशी लोखंडी गजांची खिडकी आहे. गिरदावर आत गादीवर बसायचा आणि लोक बाहेर उन्हात खिडकीपुढे उभे राहायचे. तात्यांचा आजा तिथे आपल्या मेंढरांसाठी हात जोडून उभा राहिला होता. तात्या हे सांगताना स्वतः हात जोडून दाखवायचे, आणि मग ते हात सोडायला विसरायचे.

त्यामुळे हे घर वाचवायला तात्याच का निघाले, हे कुणालाच कळत नव्हतं. ग्रामपंचायतीला ते पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. सरपंचांनी तात्यांना चावडीवर विचारलंच, "तात्या, तुमच्या आज्याला ज्यानं उन्हात उभं केलं त्याचं घर तुमी काहून वाचवून राह्यले?"

"बराबर हाय तुमचं," तात्या म्हणाले. "बिलकुल चूक हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. समोरच्याला आधी मान देऊन खुर्चीवर बसवायचं, आणि मग खुर्ची काढून घ्यायची. पुढे म्हणाले, "घर पाडलं तर आज्यानं हात कुठं जोडले ते नातवाला काय दाखवू? गाळ्यातलं मोबाइलचं दुकान?"

सरपंच काही वाईट माणूस नव्हता. गाळे झाले तर गावाचं भलं होईल असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि भलं करायची घाई झालेल्या माणसाला थांबवणं फार अवघड असतं. म्हणून आम्ही समिती काढली. तात्या अध्यक्ष. सलीमभाई वायरमन उपाध्यक्ष, कारण त्यांच्याकडे टेम्पो होता. मी सचिव, कारण माझं अक्षर चांगलं. बाकीचं सगळं गाव सदस्य आहे असं तात्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. गावाला विचारलेलं नव्हतं.

घराचं संग्रहालय करायचं ठरलं. आता संग्रहालयाला वस्तू लागतात. तात्या घरोघर फिरले. मेंढरं विकून टाकल्यापासून त्यांच्याकडे हाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे या कामाला त्यांनी असा काही जोर लावला की बस. जातं, मुसळ, पितळेचं घंगाळ, बैलांच्या घुंगरमाळा, धनगरी ढोल, सलीमभाईंच्या आजोबांची गॅसबत्ती, सगळं एकेक करून येत गेलं. सर्वांत देखणं जातं आलं ते चक्क सरपंचाच्या घरून. त्याच्या आईनं, मुलाच्या नाकावर टिच्चून, ते टेम्पोत चढवून दिलं. देताना तिनं एवढंच विचारलं, "लागलं तर देसाल ना, भाऊ?"

"बराबर," तात्या म्हणाले.

हाच प्रश्न प्रत्येक घरी विचारला गेला होता आणि प्रत्येक घरी तात्यांनी हाच शब्द दिला होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी एकेका वस्तूखाली सुबक अक्षरांत पाट्या लावून मोकळा झालो होतो. 'जाते. निजामकालीन. कृपया हात लावू नये.'

मग लग्नसराई आली. आता आमच्या भागात दळण गिरणीत होतं, कांडप मशीनवर होतं. जातं-मुसळ कुणाच्या घरात उरलेलं नाही. पण लग्नाची हळद अजूनही जात्यावरच दळावी लागते, पाच सवाष्णींनी. मुसळाला आंब्याची डहाळी बांधून कांडावं लागतं. नवरदेवाचं न्हाणं घंगाळातलंच बरं दिसतं. लग्नानंतर जागरण म्हटलं की ढोल पाहिजे. लोक दारात येऊन उभे राहायचे आणि तात्या वस्तू उचलून द्यायचे. जातं गेलं, मुसळ गेलं. गॅसबत्ती दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीला गेली. एकदा माझी पाटीसुद्धा गेली. अक्षर छान आहे म्हणून मंडपात लावली होती. नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे 'कृपया हात लावू नये.'

मी चिडलो. म्हणालो, "तात्या, हे संग्रहालय आहे की मंडपवाल्याचं गोदाम?"

"सर, वस्तूला बोलावणं आलं तर जाऊ द्यावं. नुसतं बसून बसून माणूस बी खराब होतं."

अशात एका दाट लग्नतिथीला, ना पत्र ना फोन, संभाजीनगरहून मॅडम आल्या. घर वाचावं म्हणून समितीनं केलेल्या अर्जाची फाईल ज्या खात्याकडे पडली होती त्या खात्याच्या त्या अधिकारी. घर जतन करण्यासारखं आहे की नाही याची शिफारस त्यांनी करायची होती, आणि ती शिफारस आली तरच पंचायतीचा हात थांबणार होता. मी धावत पोचलो तेव्हा तात्या त्यांना संग्रहालय दाखवत होते. चारही भिंतींना पाट्या होत्या. पाट्यांखाली काहीही नव्हतं. जमिनीवर वस्तूंच्या जागी स्वच्छ गोल तेवढे उमटले होते, आणि तात्या एकेका गोलापाशी थांबून हात जोडून माहिती सांगत होते.

"हे जातं. सरपंचाच्या घरचं. लई गोड दळतंय."

"कुठे आहे?"

"इथंच असतंय. आत्ता लग्नाला गेलंय."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "संग्रहालयातल्या वस्तू लग्नाला जातात?"

"बोलावणं आल्यावर जायाच लागतंय ना, मॅडम. तुमी जात न्हाई का?"

सलीमभाई माझ्या कानात पुटपुटले, "सर, अपना खेल खतम." माझंही तेच मत होतं. पण तात्यांना खेळ चालू आहे की संपला याचा कधी पत्ताच नसायचा. ते म्हणाले, "आलाच हायत तर वस्तू बघूनच जा. चला, जल्दी," आणि मॅडमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

पहिलं लग्नघर भाऊराव गुऱ्हाळवाल्याचं. तिथे जातं मांडलेलं होतं, पण काम अडलं होतं. पाच सवाष्णींतली एक परतूरच्या स्टँडवर अडकून पडली होती. बायकांनी मॅडमना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आनंद पसरला.

"मॅडमबाई, मालक हायत ना तुमचे?"

"आहेत. नाशिकला असतात."

"लांब असले तरी चालतंय. बसा."

बघता बघता मॅडमच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटीत खण पडला आणि त्या आमचं निजामकालीन जातं ओढायला लागल्या. सुरुवातीला त्या तपासणीच्या चेहऱ्यानं ओढत होत्या. नंतर त्यांचा पदर सुटला, तो त्यांनी कमरेला खोचला. तात्या शेजारी उभे राहून खालची तळी, वरची तळी, खुंटा असं समजावून सांगत होते, आणि बायका त्यांना "पुरुषाचं काय काम हितं" म्हणून हाकलत होत्या.

दुसऱ्या घरी घंगाळ होतं. त्यात पाणी होतं आणि पाण्याशेजारी पाटावर नवरदेव होता, उघडाबंब, हळदीनं माखलेला. मॅडम दारातच मागे वळल्या. पण घंगाळाच्या बुडाला घडवणाऱ्या तांबटाचं नाव आहे, ते दाखवल्याशिवाय तात्यांना चैन पडेना. "थांब रं, न्हाऊ नको," असं नवरदेवाला सांगून त्यांनी सगळं पाणी त्याच्याच डोक्यावर ओतलं आणि घंगाळ पालथं केलं. मॅडमनी मान दुसरीकडे ठेवून ते नाव वाचलं. मी त्यांचा मोठेपणा मानतो, त्यांनी खरंच वाचलं आणि ते कसं कोरलंय तेही सांगितलं. प्रत्येक घरी आम्हाला बुंदी खावी लागली. नको म्हणायची सोय नव्हती.

परत येताना मॅडमनी जीपमध्ये फाईल उघडली. घरापाशी उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "तात्या, तुमचं गाव मला आवडलं. पण मी लिहू काय? संग्रहालयातली वस्तू दाराबाहेर जाता कामा नये. मी पुन्हा येईन. सगळ्या वस्तू आत दिसल्या तर शिफारस करते. नाही दिसल्या तर पंचायतीला घर पाडायला मोकळीक."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तात्यांनीही "बराबर हाय" एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य आलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तात्यांचं घर गिरदावराच्या घरासमोरच, मध्ये फक्त बोळ. नंतरचे काही दिवस ते ओट्यावर बसून नुसते त्या घराकडे पाहत राहिले. वस्तू द्याव्यात तर घर जाणार, न द्याव्यात तर घरोघरी दिलेला शब्द जाणार. मी सुचवलं, लोकांना सांगू, आता नियम बदललाय. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मेंढरू चोरायला सांगितलंय. "सर, शब्द म्हंजी काय भांडं हाय का, परत मागून आणायला?" त्यांची बायको गयाबाई आतून ओरडली, "मंग देता काहून उठल्यासुटल्या? कोणी जीव मागितला तरी बराबर म्हणसाल तुमी!"

आणि एका सकाळी ते हसतच शाळेत आले. वर्ग चालू होता. दारातूनच म्हणाले, "सर, जातं बाहीर जाऊ शकत न्हाई. बराबर?"

"बरोबर."

"पर हळद आत येऊ शकती ना?"

मी खडू खाली ठेवला. नियमात हळदीबद्दल खरंच काही नव्हतं.

म्हणजे ज्याच्या घरी लग्न, त्यानं हळद दळायला गिरदावराच्या घरी यायचं. सोपं वाटतं, पण म्हाताऱ्या बायका बिथरल्या. त्या घरात माणसं रडली आहेत, तिथे नवरीची हळद कशी दळायची? तात्यांनी वाद घातला नाही. आपल्या नातीची हळद पहिली तिथे दळली. मांडव दारापुढे घातला, आणि गिरदावराच्या त्या गजांच्या खिडकीतून वऱ्हाडाला चहाचे कप दिले. कप देताना ते स्वतः आत बसले होते. बाहेर हात पुढे करून उभ्या असलेल्या प्रत्येक पाव्हण्याला म्हणत होते, "उन्हात उभं राहू नका, घ्या अन् सावलीला बसा." मीही रांगेत उभा राहून कप घेतला आणि सावलीला जाऊन बसलो.

त्यानंतर रीघ लागली. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा सगळ्या वस्तू आत होत्या. त्यांच्यासोबत अर्धं गावही आत होतं. मॅडमना पाहताच कुणीतरी ओरडलं, "सवाष्ण आली!" आणि त्या चप्पल काढून सरळ जात्यापाशीच गेल्या. जाताना शिफारस लिहिते म्हणाल्या, आणि शब्दाला जागल्या. फाईल मंजुरीसाठी मुंबईला गेली आणि तिथे जी बसली ती उठायलाच तयार नाही. इकडे पंचायतीनं गाळ्यांचा ठराव पुन्हा विषयपत्रिकेवर घेतला. पावसाळ्याआधी घर पाडायचं, असं सरपंच उघड बोलू लागला.

मधल्या काळात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच्या आईनं फर्मान काढलं की नातीची हळद आपल्याच घरच्या जात्यावर दळली जाईल, नाही तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. जातं तर आमच्याकडे होतं. सरपंच दोन-चार दिवस रस्त्यावरून नुसत्या चकरा मारत राहिला. शेवटी एका संध्याकाळी आला, आणि संकोचानं दारात न येता खिडकीशी उभा राहिला. तात्या आत माझ्याबरोबर पाट्या पुसत होते.

"तात्या," गजाला धरून तो म्हणाला, "पोरीच्या हळदीचं… म्हंजी, मी तर घर पाडायचं बोलून बसलो. कोण्या तोंडानं मागू?"

तात्या एवढ्या घाईनं उठले की पागोटं खाली पडलं. उघड्या डोक्यानं ते बाहेर गेले आणि सरपंचाचं मनगट धरून त्याला खिडकीपासून बाजूला ओढलं. "इथं उभं राहून मागायचं न्हाई. कोणीच न्हाई. दारातून या." आत आणून त्यांनी त्याला जात्याजवळ बसवलं. "तुमच्या मायला शब्द दिल्ता मी. हळद इथंच दळायची. घराचं मागून बघू."

हळदीच्या दिवशी पहाटे तात्या गेले. झोपेतच. चहा घेऊन गेलेल्या गयाबाईच्या हाकेला ते उठले नाहीत.

आमच्याकडे गावात मढं असलं की चूलसुद्धा पेटत नाही, मग हळद कुठली? तात्यांची मुलं पुण्याहून निघाली होती, दुपारपर्यंत पोचणार होती. मांडव सजलेला, वाजंत्री आलेले, आणि समोरच्या ओट्यावर तात्या. सरपंच गयाबाईपुढे जाऊन बसला. म्हणाला, "काकू, हळद उद्या दळू. न्हाई तर घरीच उरकून घेऊ." गयाबाईचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "त्यायनी शब्द दिल्ता. दळा."

बायका दबकतच बसल्या. घरघर सुरू झाली, पण गाणं कुणी म्हणेना, वाजंत्र्यांनी सनई काखेत धरून ठेवलेली. थोड्या वेळानं गयाबाईनं बोळापलीकडून निरोप पाठवला, "मुक्यानं दळू नका. नवरीला चांगलं न्हाई." मग सरपंचाच्या आईनं आवाज लावला. तो फाटत होता तरी तिनं सोडला नाही, आणि एकेक करून बाकीच्या बायका त्यात मिसळल्या. तात्यांना आंघोळ घातली ती त्या गाण्यात. मी दोन्ही दारांच्या मध्ये बोळात उभा होतो. कुणीकडे तोंड करावं ते मला कळत नव्हतं.

मांडवात नवरीला हळद लागत होती तेव्हाच मुलं आली आणि तात्यांना उचललं. मांडवातली माणसं तशीच उठून खांदा द्यायला धावली, त्यामुळे तिरडीचे बांबू पिवळे झाले. मसणवट्यात आमच्याकडे भाषणं होतात, तशी झाली. कुणी तात्यांना समाजभूषण केलं, कुणी दानशूर केलं. मग सरपंच उभा राहिला. मुलीला हळद लावताना त्याच्याही गालांना बायकांनी हळद फासली होती, ती पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पिवळ्या तोंडानं तो म्हणाला, "गाळे दुसरीकडं होतील. ह्या घराला मी हात लावणार न्हाई, अन् लावू देणार न्हाई. तात्याला शब्द देऊन राह्यलो."

एवढं बोलून त्यानं रीतीप्रमाणे डोळे पुसले. हातांची हळद डोळ्यांत गेली आणि झोंबली. सरपंच घळाघळा रडायला लागला. पाणी घेऊन गेलेल्या माणसाला त्यानं ढकलून दिलं आणि तो तसाच रडत राहिला. माझ्या हातांना हळद नव्हती, तरी माझीही तीच गत झाली.